खांड पडलेला वस्तरा

यंदा स्मरणिकेसाठी वस्तऱ्यावर लिहितो असे सांगितले, तेव्हा कार्यकारिणीतल्या दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिले. गणपतीच्या पुस्तकात हजामतीचा विषय कशाला, असे कोणी तोंडाने म्हणाले नाही, पण चेहऱ्यावर ते दिसले. माझे म्हणणे असे की ज्या देवाचा एक दात तुटलेला आहे आणि तरीही पहिल्या पूजेचा मान ज्याच्याकडे आहे, त्याच्यासमोर तुटक्या धारेची हकिगत सांगायला हरकत नसावी. दुसरे असे की संत सेना महाराजांची पुण्यतिथी श्रावण वद्य द्वादशीला येते, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी जेमतेम आठवडाभर. परंपरा त्यांना बांधवगडच्या राजदरबाराशी जोडते, म्हणजे ते आपल्या मध्य भारतातलेच. मराठी अभंगांत त्यांचे नाव आहे आणि शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबातही त्यांचे एक पद आहे. आरसा, चिमटा अशा आपल्या धंद्यातल्या वस्तू घेऊन त्यांनी भक्ती सांगितली. तेव्हा धोकटीतल्या हत्याराने देवाच्या दारात यावे, यात नवीन काही नाही.

विषय मात्र वस्तऱ्याचा म्हणण्यापेक्षा वस्तऱ्याच्या दुरुस्तीचा आहे. नवी वस्तू कशी केली याचा इतिहास लोक हौसेने लिहितात. मोडलेली वस्तू कोणी आणि कशी नीट केली, हे सहसा कोणी लिहीत नाही.

धार गेली आणि धारेला खांड पडली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोजच्या वापराने धार बोथट होते ती झिजून आणि लवून. वस्तऱ्याची कड इतकी पातळ असते की दाढीच्या केसांच्या माऱ्यानेसुद्धा ती सूक्ष्म प्रमाणात एका बाजूला वाकते. चामड्याच्या पट्ट्यावर, म्हणजे चमोटीवर, वस्तरा फिरवला की ती पुन्हा सरळ होते. खांड पडते ती वस्तरा नळाच्या तोटीवर आपटला किंवा फरशीवर पडला की. तेथे लोखंडाचा तुकडाच निघून जातो. चमोटीवर कितीही फिरवले तरी गेलेला तुकडा परत येत नाही. तशा वस्तऱ्याने दाढी केली तर खांडेच्या दोन्ही टोकांना दोन बारीक सुया असतात, त्या गालावर रेघ ओढतात. मग राहिलेली सगळी धार खांडेच्या तळापर्यंत खाली आणायची, एवढा एकच उपाय उरतो. म्हणजे थोडक्या जागेचे नुकसान भरून काढायला चांगल्या भागाचेही लोखंड द्यावे लागते. किती द्यायचे, यात सगळी कारागिरी आहे.

हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात आठवा अध्याय शस्त्रांचा आहे. त्यात शल्यकर्माची वीस शस्त्रे सांगितली आहेत आणि पाठोपाठ शस्त्राचे आठ दोषही दिले आहेत. वाकडे, बोथट, फार जाड, फार लहान, फार लांब असे दोष सांगताना त्यांत एक दोष आहे ‘खण्ड’, म्हणजे धार तुटलेली असणे. आपण ‘खांड पडली’ म्हणतो तो हाच शब्द. आणखी एक दोष ‘खरधार’, म्हणजे दातेरी खरखरीत धार. पण तेथे ग्रंथकाराने लगेच अपवाद केला आहे की करवतीला ती हवी, कारण तिने हाड कापायचे असते. ज्याने हत्यार हातात धरले आहे त्यालाच असा अपवाद सुचतो.

याच अध्यायात धार लावायला उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा सांगितली आहे, आणि लावलेली धार टिकवायला शाल्मलीच्या लाकडाची फळी. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर, इकडचा सेमर. हे लाकूड इतके मऊ की त्याच्या आगपेटीच्या काड्या करतात. आधी कडक दगड, मग मऊ फळी, हा क्रम न्हाव्याच्या धोकटीत पथरी आणि चमोटी होऊन आजपर्यंत आला. परीक्षाही तीच: शस्त्राने अंगावरचा केस तुटला पाहिजे. कोणत्या कामाला किती जाड धार, याचेही माप दिले आहे, मसुराच्या डाळीएवढ्या कडेपासून अर्ध्या केसापर्यंत. मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढले. मायक्रोमीटर हाताशी नसताना मसूर आणि केस ही मापे ज्यांनी धरली, त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो.

आता पुण्याकडे वळू, कारण वस्तऱ्याला पुन्हा पुन्हा धार लावण्याची सगळ्यांत गाजलेली हकिगत तिथली आहे. गाजली ती वेगळ्याच कारणासाठी, ही गोष्ट निराळी.

इंग्रज आणि टिपू यांच्यातल्या, १७९२ साली संपलेल्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर कावसजी नावाचा एक बैल हाकणारा होता. जुन्या वृत्तान्तात त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हटले आहे. टिपूच्या लोकांनी त्याला पकडले, त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. हा कारागीर वैद्य नव्हता, विटा करणाऱ्या जातीचा होता. त्याने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतले, तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली, तेवढी कातडी सोडवून दोन डोळ्यांच्या मधल्या जागी जोडलेली ठेवली आणि खाली वळवून नाकावर बसवली. पंचवीस दिवसांच्या सुमारास मधला दुवा कापला. टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या इंग्रज शल्यवैद्यांनी ही क्रिया पाहिली. चित्रकार जेम्स वेल्स याने कावसजीचे चित्र काढले. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ती हकिगत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या लंडनच्या शल्यवैद्याने वर्षानुवर्षे विचार आणि अभ्यास केला, १८१४ साली तशी शस्त्रक्रिया करून पाहिली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. युरोपातल्या आधुनिक प्लॅस्टिक सर्जरीची सुरुवात तेथून मोजतात.

हे बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेले असते. पण पुण्यातल्या या शस्त्रक्रियेचे जे वर्णन त्या काळी इंग्रजीत छापले गेले, त्यात एक तपशील आहे आणि माझा सगळा लेख त्यावर उभा आहे. कारागिराचे हत्यार म्हणजे एक जुना वस्तरा होता. कातडी सोडवताना त्याची धार सारखी जात होती, म्हणून घडोघडी ती पुन्हा लावावी लागत होती.

हे दृश्य मनात आणून पाहावे. गुंगी आणायला क्लोरोफॉर्म नाही, त्याला अजून पन्नासएक वर्षे अवकाश आहे. समोर माणूस पडला आहे, कपाळावरून रक्त येते आहे, आणि कारागीर मध्येच थांबून वस्तऱ्याला धार लावतो आहे. घाईने बोथट धार ओढली असती तर कातडी फाटली असती, आणि फाटलेल्या कडेची कातडी नीट जुळून येत नाही. म्हणून तो थांबतो. आपल्याकडे लोक या घटनेचा अभिमान धरतात तो सुश्रुताच्या नावाने, आणि तो योग्यच आहे. पण ते नाक टिकले त्यात त्या थांबण्याचाही वाटा आहे, असे मला वाटते. रोग्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे, पाहणाऱ्या डॉक्टरांची नावे ठाऊक आहेत, चित्रकाराचे आणि लंडनच्या शल्यवैद्याचेही नाव ठाऊक आहे. वस्तरा ज्याच्या हातात होता त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

धार लावणे हा स्वतंत्र धंदा करणारेही लोक होते. शिकलगार हा शब्द फारसीतून आला. त्यातल्या ‘सैकल’चा अर्थ पाणी देणे, झिलई करणे. तलवारी, भाले, कट्यारी यांची निगा राखणे हे यांचे काम. १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाच्या घरातली शस्त्रे गेली आणि शिकलगारांच्या पोटावर पाय आला. मग तलवारीची साण सुऱ्याकात्र्यांवर आणि विळ्यांवर फिरू लागली. पुढे ती सायकलच्या मागच्या चाकाला जोडली गेली. तो सायकलवाला आपल्या पद्मनाभपुरच्या गल्ल्यांतूनही हाक देत गेलेला आपण पाहिला आहे.

त्यांची जुनी साण कुरुंदाच्या भुकटीत लाख मिसळून केलेली असे. या दोन्ही वस्तू आपल्या छत्तीसगडच्या. लाख येथल्या कुसुम आणि पळसाच्या झाडांवर होते, आणि कुरुंदाचा दगड बस्तरकडे बिजापूर जिल्ह्यात कुचनूरला सापडतो. इंग्रजीतले या दगडाचे नावसुद्धा तमिळ ‘कुरुंदम’वरून गेले आहे. १८९१ मध्ये अमेरिकेत अ‍ॅचेसन याने विजेच्या भट्टीत कार्बोरंडम तयार केले आणि लाखेच्या साणेची गरज हळूहळू संपली.

न्हाव्याविषयी थोडे. महाराष्ट्रात तो बारा बलुतेदारांपैकी एक. येथे छत्तीसगडात त्याच व्यवस्थेला पौनी-पसारी म्हणतात आणि न्हाव्याला नाऊ, आदराने ‘ठाकुर’. भोसल्यांच्या काळात, म्हणजे बिंबाजी भोसले १७५८ साली रतनपूरला येऊन राहिले तेव्हापासून, इकडे येणाऱ्या मराठी माणसाला बलुते समजावून सांगावे लागले नसेल. वर्षाचे धान्य ठरलेले. त्याबदल्यात घरातल्या सगळ्या पुरुषांची हजामत, बाळाचे जावळ, लग्नातली कामे आणि मयतानंतर नदीवरचे क्षौर. दुर्गात ते शिवनाथच्या घाटावर होते. खेड्यात गळू फोडणारा आणि तुंबडी लावणाराही पुष्कळदा तोच असे. म्हणजे सुश्रुताच्या आठव्या अध्यायातले धारेचे ज्ञान ज्यांच्या हातून प्रत्यक्ष चालत आले, त्यांत हा माणूस होता. पंगतीत मात्र त्याचे पान कडेला असायचे.

वस्तऱ्याचा आणखी एक उपयोग होता, तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विधवेचे केशवपन. नवरा गेला की बाईचे डोके याच हत्याराने भादरायचे, आणि पुढे दर काही दिवसांनी. १८९० साली मुंबईत सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि हे काम आपण करणार नाही असे त्यांनी ठरवले. गिरणी कामगारांचे पुढारी म्हणून लोखंड्यांचे नाव सर्वांना माहीत असते. या सभेची आठवण कमी निघते. ज्यांचे पोट त्या हत्यारावर होते, त्यांनीच ते खाली ठेवले. भल्याभल्या शास्त्रीपंडितांना वाद घालून जे जमत नव्हते, ते या लोकांनी ‘नाही’ म्हणून करून दाखवले. आडनाव लोखंडे हा योगायोग, पण बरा योगायोग.

आता पोलादाविषयी, कारण आपण राहतो भिलाईच्या सावलीत. १९५५ मध्ये सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. राजहऱ्याच्या खाणीतल्या लोखंडाचे रूळ येथून देशभर गेले. रुळाच्या पोलादात शंभर भागांत कार्बन साधारण ०.६ ते ०.८ भाग असतो. वस्तऱ्याच्या पोलादात तो एक भाग किंवा थोडा वर. फरक ऐकायला कमी, पण त्याने स्वभाव बदलतो. रुळाला वरून जाणारी गाडी सोसायची असते, म्हणून त्याला चिवटपणा हवा. वस्तऱ्याला काही सोसायचे नसते, फक्त धार धरायची असते. म्हणून तो तापवून एकदम थंड करतात आणि मग हलक्या आचेवर थोडा नरमवतात. तो कठीण होतो, पण काचेच्या जातीचा होतो. आपटला की वाकत नाही, तुटतो. खांडेचे मूळ हे.

दुरुस्तीतली मोठी अडचणही येथेच आहे. नरमवण्याची आच साधारण दीडशे ते दोनशे अंशांची असते. विजेच्या कोरड्या चाकावर वस्तरा धरला तर त्याची पातळ कड क्षणात त्याच्यापुढे जाते. आधी पिवळी, मग निळी होते. निळी झालेली कड मऊ पडली. ती दिसायला धारदार होईल, पण दोन दाढ्यांत जाईल. म्हणून ज्याला कळते तो वस्तऱ्याची खांड हाताने, पाण्याने आणि दगडावरच काढतो. वेळ लागतो तो याचसाठी.

इंग्लंडचे शेफील्ड आणि जर्मनीचे सोलिंगेन, या दोन गावांचे वस्तरे आपल्याकडे नावाजलेले. सोलिंगेनच्या नावाला तर १९३८ पासून जर्मनीत कायद्याचे संरक्षण आहे. या वस्तऱ्यांचे पाते दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेले असते, पाठ जाड आणि कड कागदासारखी. त्यात एक युक्ती आहे. दगडावर वस्तरा आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात, त्यामुळे धारेचा कोन आपोआप ठरतो. हाताने कोन सांभाळावा लागत नाही. पाठ ५ मिलिमीटर जाड आणि पाते १८ मिलिमीटर रुंद असेल तर कोन सुमारे १६ अंश येतो. खांडी काढता काढता पाते १५ मिलिमीटरवर आले तर तोच कोन १९ अंशांच्या घरात जातो. वस्तरा चालतो, पण जाड चालतो. म्हणजे प्रत्येक दुरुस्ती त्याच्या आयुष्यातून काही वर्षे कापून घेते.

आमच्या घरी असा एक सोलिंगेनचा वस्तरा आहे. आजोबा बंगाल नागपूर रेल्वेत होते, त्यांचा तो. वडिलांनी पुष्कळ वर्षे वापरला, मग सेफ्टी रेझर आला आणि हा पेटीत गेला. दोन पावसाळ्यांपूर्वी काढला तेव्हा टोकाकडून बोटभर अंतरावर, साधारण एक मिलिमीटर खोल खांड होती. कधी पडली ते सांगणारे आता कोणी नाही. सायकलवर धार लावणाऱ्याला दाखवला. त्याने उजेडात धरून पाहिला, पैसे मिळत असतानाही परत दिला आणि म्हणाला, “ये मेरे चक्के का काम नहीं है साहब, जल जाएगा। किसी पुराने नाऊ को दिखाइए।” हा माणूस शिकलगारच, याबद्दल मला शंका उरली नाही.

जुने नाऊ मिळायला महिना गेला. वय पंचाहत्तरच्या पुढे, दुकान आता मुलाचे. हे दुपारी बाहेर बाकावर बसतात. मी “ठाकुर जी, ये ठीक होगा क्या” म्हणून समोर धरला. त्यांनी आधी धारेकडे पाहिलेच नाही. वस्तरा कानाजवळ नेऊन पात्यावर नखाने टिचकी मारली आणि आवाज ऐकला. मग मुलाकडून भिंग मागवले आणि खांडेच्या तळातून वर बारीक चीर गेली आहे का ते पाहिले. चीर असती तर काम तेथेच संपले असते, कारण जितके घासावे तितकी ती पुढे जाते. चीर नव्हती. मग गंज पाहिला. वरचा डाग चालतो. धारेजवळ गंजाने खड्डे पाडले असतील तर प्रत्येक खड्डा ही उद्याची खांड. तसेही नव्हते. तेव्हा म्हणाले, “जतका टूटे हे, ओतके लोहा जाही।” जेवढे तुटले आहे, तेवढे लोखंड जाईल. अंदाजपत्रक एका वाक्यात झाले.

काम चार संध्याकाळ चालले. पहिल्या दिवशी त्यांनी जे केले ते पाहून माझ्या पोटात गोळा आला. जाड दाण्याच्या ओल्या सिल्लीवर त्यांनी वस्तरा धार खाली करून सरळ उभा धरला आणि सुरी पावावर ओढावी तसा हलके ओढला. म्हणजे उरलीसुरली धारही मारली. पण त्यामुळे कड एका रेषेत आली, आणि पुढे किती घासायचे ते डोळ्याला दिसू लागले. दुसऱ्या दिवसापासून पाते आडवे. पाठ आणि कड दोन्ही दगडाला टेकलेल्या, धार पुढे ठेवून ढकलायचे, टोकाशी आले की पाठीवरून उलटायचे, धारेवरून कधी नाही, आणि दुसरी बाजू तितक्याच वेळा. दाब जवळजवळ नाहीच. हात नुसता सोबतीला. सिल्लीवर करडे पाणी साचायचे. ते त्यांनी पुसू दिले नाही, कारण त्यातली भुकटीही घासायचे काम करते. दर वीस-पंचवीस फेऱ्यांनी ओल्या अंगठ्याच्या नखावरून धार अलगद ओढून बघायचे. खांड शिल्लक असेल तर नखाला अडकते. डोळ्याला दिसेनाशी झाल्यावरही ती नखाला दीड दिवस कळत होती.

तिसऱ्या दिवशी सिल्ली बदलली, बारीक, जवळजवळ साबणासारखी. चौथ्या दिवशी चमोटी. येथे सगळे उलट होते: दगडावर धार पुढे, चामड्यावर पाठ पुढे, नाहीतर चामडेच कापले जाईल. शेवटच्या आठदहा फेऱ्या त्यांनी स्वतःच्या तळहातावर केल्या. ते पाहताना मी श्वास रोखून होतो. ते मात्र त्याच वेळी मुलाला गल्ल्यातला हिशेब विचारत होते. मग माझ्या मनगटावरचे चार केस उडवून वस्तरा मिटला आणि हातात दिला. केस तुटण्याची परीक्षा सुश्रुताची. ती त्यांना कोणी वाचून दाखवली नव्हती.

घरी येऊन मापले. पात्याची रुंदी मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त उतरली होती. ओतकेच लोखंड गेले होते.

मी त्यांना पुण्याच्या त्या कारागिराची हकिगत सांगितली. नाक जोडल्याचे त्यांना फारसे नवल वाटले नाही. कातडी कापताना वस्तरा सारखा लावावा लागला, यावर मात्र त्यांनी मान हलवली. म्हणाले, ओल्या केसाला वस्तरा कमी थकतो, चामड्याला लवकर थकतो, आणि थकलेला वस्तरा हाताला आधी कळतो, डोळ्याला मागाहून. स्मरणिकेत तुमचे नाव छापतो म्हटल्यावर त्यांनी हात जोडले. नाव छापले तर सगळ्या दुर्ग-भिलाईतले जुने वस्तरे माझ्या बाकावर येतील आणि मुलगा मला घरी बसवेल, असे कारण दिले. पुण्याच्या कारागिराला असे कोणी विचारले तरी होते का, कोण जाणे. असो.

त्यांच्या मुलाच्या दुकानात जुना वस्तरा एकही नाही. अर्ध्या पात्याचा उस्तरा आहे. गिऱ्हाईक बसले की पुडीतून नवे पाते काढायचे, मोडून अर्धे लावायचे, काम झाले की टाकायचे. १९८६ मध्ये भारतात एड्सचे पहिले रुग्ण नोंदले गेले आणि नव्वदच्या दशकात सरकारी प्रचारातून गल्लीतल्या सलूनपर्यंत ही गोष्ट पोहोचली की एकाच धारेने दहा चेहरे करणे धोक्याचे आहे. एच.आय.व्ही.पेक्षा कावीळ-ब चा विषाणू रक्तातून अधिक सहज पसरतो, हेही लोकांना हळूहळू समजले. त्याबरोबर सिल्ली, चमोटी आणि खांड काढण्याची विद्या दुकानातून उठली. जुन्या कलेसाठी हळहळणारे लेख मी बरेच वाचले आहेत, त्यांतला हा नव्हे. पूर्वीची पद्धत बदलली ते उत्तम झाले. हे म्हातारे नाऊसुद्धा हेच म्हणाले. वस्तरा हातात देताना त्यांनी बजावले की हा आता एकाच तोंडाचा, दुसऱ्या कोणाला लावायचा नाही, सख्ख्या भावालाही नाही.

पण अर्ध्या पात्याने एक गोष्ट नेली, तिची नोंद असावी. ज्या हत्याराला खांड पडू शकते, ते वापरणारा माणूस ते सांभाळून ठेवतो आणि बिघडले तर ते कोठपर्यंत सुधारेल याचा अंदाज बांधतो. टाकायच्या पात्याला खांड पडत नाही, ते त्याआधीच केरात जाते. त्यामुळे टिचकीचा आवाज ऐकून चीर ओळखणारा कान आता कोणाला मुद्दाम तयार करावा लागत नाही. त्यांच्या मुलाला ते येत नाही. त्याला गरजही नाही, आणि तो त्याचे काम चोख करतो.

आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत, आजोबांच्या ट्रंकेत, असा एखादा वस्तरा पडलेला असण्याचा संभव आहे. तो सापडल्यास पहिली गोष्ट, त्याला विजेच्या चाकाजवळ नेऊ नका. चामड्याच्या म्यानात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, इकडच्या पावसाळ्यात दोन्हींत ओल धरून राहते. कोरड्या फडक्याने पुसून यंत्राच्या तेलाचा हलका हात द्यावा आणि सुती कापडात गुंडाळावा. मिटताना धार मुठीच्या मध्यातच जाते आहे ना, हे बघावे, कारण जुन्या मुठी उन्हाने वाकतात आणि बऱ्याच खांडी मिटतानाच पडतात. खांड दिसली तर तिच्या तळातून वर चीर गेली आहे का, हे भिंगाने पाहावे. चीर नसेल आणि खोली मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या आत असेल तर वस्तरा वाचतो. बाकावरच्या ठाकुरांचा पत्ता मात्र मी कोणाला देणार नाही. तसे त्यांना वचन दिले आहे.